मुक्काम आणि वस्ती : अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांतील रात्र आणि तिचे लेखन

प्रास्ताविक

मराठीत ‘वस्ती’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. परगावी रात्रीपुरते थांबणे म्हणजे वस्तीला राहणे. खेड्यात रात्र काढून पहाटे तालुक्याला परतणाऱ्या एस. टी.ला ‘वस्तीची गाडी’ म्हणतात. आणि गावापासून दूर, माळावर वा रानात कायमची वसलेली पाच-पंचवीस घरे म्हणजेही वस्तीच. रात्रीचा थांबा आणि कायमचा रहिवास या दोहोंना भाषेने एकाच शब्दात ठेवले आहे. अमेरिकेच्या वनविषयक नियमांनी मात्र याच दोन गोष्टींमध्ये एक कडक रेघ ओढली आहे. ती रेघ, आणि तिच्या अलीकडे-पलीकडे उभे राहिलेले लेखन, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

अमेरिकन अरण्यलेखन आपल्याकडे बहुधा ‘निसर्गाशी तादात्म्य’ या एकाच सूत्राने वाचले जाते. लेखक तंबू घेऊन रानात गेला, ताऱ्यांखाली झोपला, त्याचा अहंकार गळून पडला, एवढे नोंदवले की समीक्षकाचे काम संपते. तो तंबू कोणाच्या जमिनीवर होता, किती रात्री राहू दिला गेला, शिधा कोण पुरवत होते आणि मुक्काम हलवल्यावर परत जाण्यासाठी घर होते की नव्हते, हे प्रश्न समाजशास्त्राच्या किंवा कायद्याच्या अभ्यासकांकडे सोपवले जातात. प्रस्तुत लेखकास हे प्रश्न वाङ्मयीनच वाटतात. कारण या लेखनातील ‘मी’ कोणत्या जातीचा आहे (येथे जात म्हणजे प्रकार) हे त्यांच्या उत्तरांवर ठरते. या दृष्टीने जॉन म्यूर, आल्डो लिओपोल्ड आणि जेसिका ब्रूडर यांच्या तीन पुस्तकांचा येथे विचार केला असून शेवटी काही परिचित मराठी कृतींकडे वळले आहे.

राष्ट्रीय वन आणि तेथील रात्र

प्रथम एक गोंधळ दूर केला पाहिजे. अमेरिकेतील ‘राष्ट्रीय वन’ आणि ‘राष्ट्रीय उद्यान’ या भिन्न संस्था आहेत. यलोस्टोन, योसेमिटी यांसारखी उद्याने अंतर्गत व्यवहार खात्याकडे आहेत. राष्ट्रीय वने १९०५ पासून कृषी खात्याच्या वनसेवेकडे आहेत. दीडशेहून अधिक वने आणि सुमारे १९.३ कोटी एकर जमीन एवढा हा पसारा आहे. त्यात लाकूडतोड चालते, परवाना घेऊन गुरे-मेंढ्या चरतात, शिकार होते आणि लोक रात्री मुक्कामालाही राहतात. आपल्याकडील आरक्षित वन, संरक्षित वन, अभयारण्य यांपैकी कोणत्याही वर्गाशी त्याचे तंतोतंत साम्य नाही.

मुक्कामाचे प्रकारही सांगितले पाहिजेत. ठरावीक तळ असतात. तेथे प्रत्येकास आखलेली जागा, लाकडी मेज, शेकोटीचे लोखंडी कडे व बहुधा शौचालय मिळते आणि दररात्रीचे शुल्क पडते. काही वनांत वणव्यावर नजर ठेवण्यासाठी उभारलेले जुने टेहळणी मनोरे व रक्षकांच्या लाकडी खोल्या भाड्याने मिळतात. तिसरा प्रकार मराठी वाचकाला सर्वांत नवलाचा वाटेल. त्यास ‘डिस्पर्स्ड कॅम्पिंग’ म्हणतात. विखुरलेला मुक्काम म्हणता येईल. तळ सोडून वनात कोठेही, पाणवठा व रस्ता यांपासून ठरलेले अंतर राखून, सामान्यतः काहीही शुल्क न देता तंबू ठोकता येतो. नाव, गाव, ओळखपत्र सहसा कोणी विचारत नाही. मर्यादा असते ती दिवसांची. वनागणिक ती बदलते, परंतु पुष्कळ ठिकाणी ती १४ दिवसांची आहे.

ही सवलत लहान नाही. आपल्याकडे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार आरक्षित वनात विनापरवाना प्रवेश हाच अपराध ठरतो. या दोन व्यवस्थांचे मूळ कुळ मात्र एक आहे, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. अमेरिकन वनसेवेचा पहिला प्रमुख गिफर्ड पिंशो तरुणपणी युरोपात वनविद्या शिकण्यास गेला, तेव्हा बॉन येथे त्याला मार्गदर्शक लाभला तो डीट्रिख ब्रँडिस. हेच ब्रँडिस १८६४ मध्ये भारताचे पहिले वनमहानिरीक्षक झाले होते. एकाच गुरूचे हे दोन संप्रदाय. पण रात्रीच्या बाबतीत ते वेगळ्या वाटांनी गेले. भारतात साहेबाच्या फिरतीसाठी दिवसाच्या मजलेवर वनविश्रामगृहे उभी राहिली आणि रानातली रात्र ही सरकारी नोकराची व त्याच्या पाहुण्याची झाली. अमेरिकेत ती करदात्या नागरिकाची मानली गेली. आपल्याकडील वनप्रशासनावर टीका करणाऱ्यांनी या औदार्याची आधी नोंद घ्यावी आणि मगच त्यातील उणिवेकडे वळावे.

ती उणीव नियमांच्या भाषेतच दडलेली आहे. वनसेवेच्या नियमांत कॅम्पिंगची व्याख्या, कायमचे बांधकाम न करता रात्रीच्या निवासासाठी वनजमिनीचा तात्पुरता वापर, अशा आशयाची आहे. आणि त्याच नियमावलीत अन्यत्र, वनजमिनीचा रहिवासासाठी वापर हा परवानगीवाचून केल्यास गुन्हा ठरवला आहे. कृती एकच, झोपणे. ती ‘मुक्काम’ की ‘रहिवास’ हे झोपण्याच्या पद्धतीवरून ठरत नाही. त्या मनुष्याला दुसरीकडे घर आहे की नाही, यावरून ते बव्हंशी ठरते. ज्याला घर आहे त्याची चौदा दिवसांची बेघर अवस्था म्हणजे सुट्टी. ज्याला नाही त्याचा पंधरावा दिवस म्हणजे अपराध.

मेंढ्यांमागचा म्यूर

जॉन म्यूर याचे ‘माय फर्स्ट समर इन द सिएरा’ हे पुस्तक १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील हकिगत १८६९ च्या उन्हाळ्यातील आहे. योगायोग असा की त्याच वर्षी बोस्टनच्या एका चर्चचे धर्मोपदेशक विल्यम मरी यांचे अ‍ॅडिरॉन्डॅक पर्वतातील तंबूनिवासावरचे पुस्तक निघाले आणि ते वाचून शहरी मंडळींच्या झुंडी त्या डोंगरांकडे धावल्या. पावसाने, डासांनी आणि अपुऱ्या तयारीने गांजलेल्या या पाहुण्यांना वृत्तपत्रांनी ‘मरीचे मूर्ख’ असे नाव दिले. अ‍ॅडिरॉन्डॅक हे राष्ट्रीय वन नव्हे, ते न्यूयॉर्क राज्याचे. तथापि हौसेचा मुक्काम ही अमेरिकन प्रथा त्या उन्हाळ्यात रुजली असे मानण्यास हरकत नाही. म्यूर मात्र त्याच उन्हाळ्यात देशाच्या दुसऱ्या टोकाला हौसेने गेलेला नव्हता.

पुस्तकाचा हा तपशील त्याच्या कीर्तीखाली झाकून गेला आहे. म्यूरजवळ पैसे नव्हते. डेलनी नावाच्या मेंढीमालकाने त्याला दोन हजारांहून अधिक मेंढ्यांच्या कळपाबरोबर पाठवले. काम असे की बिली नावाचा मेंढपाळ आपले काम नीट करतो की नाही यावर लक्ष ठेवायचे. कळप उन्हाळा वाढेल तसा वरच्या कुरणांकडे सरकणार आणि त्याबरोबर तळही सरकणार. मराठी वाचकाला हे चित्र ओळखीचे आहे. आपल्याकडे धनगरांचा ‘वाडा’ असाच चाऱ्यामागून हलतो. पुढे जगातील सर्वांत प्रसिद्ध अरण्यलेखन ठरलेल्या या पुस्तकाचा तळ म्हणजे मुळात मेंढपाळांचा वाडा होता.

आता पुस्तकातील ‘मी’ या वाड्याशी कसा वागतो ते पाहण्यासारखे आहे. मेंढ्यांविषयी त्याला तिरस्कार आहे. त्यांची तुलना तो टोळांशी करतो. बिलीविषयी उपहास आहे. बिलीची कळकट, चरबीने राठ झालेली विजार हा त्याला विनोदाचा विषय वाटतो. धबधब्याकडे चल म्हटले तर बिली येत नाही. त्याच्या लेखी ती निव्वळ दरी आहे. येथे बहुतेक समीक्षक म्यूरच्या बाजूने हसतात. परंतु प्रश्न असा की, धबधबा पाहण्यास म्यूर जातो तेव्हा मेंढ्या कोण राखत असते? म्यूरच्या भटकंतीचे तास बिलीच्या राखणीतून निघालेले आहेत. जुलैच्या प्रारंभी तळावरचे पीठ संपते, मालकाचा शिधा येण्यास उशीर होतो आणि काही दिवस मटण व चहावर काढावे लागतात. पुस्तकातील हा भाग मला अत्यंत प्रामाणिक वाटतो. पाइन वृक्षांच्या वैभवाचे वर्णन करणारा लेखक भाकरीवाचून कासावीस होतो, इतक्या सौंदर्यातही मनुष्य पिठाच्या पोत्याला बांधलेला आहे याची त्याला लाज वाटते. लाज वाटण्याऐवजी त्याने त्या बंधनाचा विचार पुढे नेला असता, तर पुस्तक वेगळे झाले असते.

त्या प्रदेशातील मूळ रहिवाशांविषयी म्यूरने जे लिहिले आहे त्यात याहून मोठी फट आहे. एका ठिकाणी तो म्हणतो की हे लोक शतकानुशतके या रानात वावरले, तरी पक्षी व खारी यांच्याहून अधिक खुणा त्यांनी मागे ठेवल्या नाहीत. हे कौतुक आहे. पण त्यांतील एक वृद्ध स्त्री प्रत्यक्ष तळावर येते तेव्हा तिच्या मळक्या सुती चिंध्या त्याला खुपतात; स्वच्छ रानाशी तिचा मेळ त्याला लागत नाही. खूण न ठेवणारे रहिवासी त्याला भूतकाळात हवे आहेत, समोर नकोत. त्यांच्याकडे चिंध्या का आल्या, याचा शोध घेण्यास फार मागे जावे लागले नसते. कॅलिफोर्नियातील सोन्याच्या शोधाला तेव्हा अवघी वीस वर्षे उलटली होती आणि १८५१ मध्ये सशस्त्र तुकडीने योसेमिटी खोऱ्यात शिरून तेथील लोकांना हुसकावले होते. म्यूरने स्थापन केलेल्या सिएरा क्लबने २०२० मध्ये त्याच्या अशा उद्गारांची जाहीर कबुली दिली. तो वाद व्यक्तीच्या पूर्वग्रहापुरता राहिला. मला तो दोष लेखनाच्या घडणीत दिसतो. मुक्कामाची शोभा टिकवायची तर वस्ती चौकटीबाहेर काढावी लागते, हे गणित येथे प्रथम मांडले गेले.

कायद्यानेही पुढे तेच केले. सिएरा वनराखीव क्षेत्र १८९३ मध्ये जाहीर झाले, मेंढ्यांना तेथे मज्जाव होऊ लागला. १९०६ पासून राष्ट्रीय वनांत चराईला परवाना व शुल्क आले. मेंढ्यांनी कुरणांचे नुकसान केले, यात शंका नाही. म्यूर त्या बाबतीत खोटे बोलला नाही. पण ज्या वाड्याबरोबर तो प्रथम वर गेला तो वाडा गेला आणि त्याचे पुस्तक राहिले, हे विसरता येत नाही.

लिओपोल्ड : चौदा रात्रींचे माप

आल्डो लिओपोल्ड हा पिंशोच्या वनसेवेत १९०९ मध्ये दाखल झालेला अधिकारी. रस्ते आणि मोटारी वनांत शिरू लागल्या तेव्हा त्याने १९२१ मध्ये एका वनशास्त्रीय नियतकालिकात अशी सूचना केली की काही क्षेत्रे रस्त्यांवाचून, घरांवाचून तशीच राखावीत. असे क्षेत्र किती मोठे असावे? त्याचे उत्तर अपूर्व आहे. ओझ्याच्या जनावरांसह दोन आठवड्यांचा प्रवास त्यात मावला पाहिजे. रानाचे माप त्याने एकरांत दिले नाही, रात्रींत दिले. १९२४ मध्ये न्यू मेक्सिकोतील हीला राष्ट्रीय वनात अशा प्रकारचे पहिले क्षेत्र राखले गेले.

येथेही मागचे पान उलटून पाहावे लागते. हीला नदीच्या उगमाकडचा हा प्रदेश म्हणजे चिरिकावा अपाची लोकांची भूमी. जेरोनिमोने १८८६ मध्ये शरणागती पत्करली. त्याचे लोक पुढे २७ वर्षे युद्धकैदी म्हणून ठेवले गेले. म्हणजे दोन आठवड्यांच्या मुक्कामासाठी जे रान निर्जन म्हणून राखले, ते निर्जन होऊन चाळीस वर्षेही झाली नव्हती. लिओपोल्डच्या त्या लेखात हा संदर्भ नाही.

असे असूनही लिओपोल्ड म्यूरपेक्षा मला अधिक विश्वासार्ह वाटतो. त्याचे कारण त्याच्या मृत्यूनंतर १९४९ मध्ये निघालेले ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ हे पुस्तक. त्यातील फ्लॅम्बो नदीवरील लेखात होडीतून चाललेली दोन महाविद्यालयीन मुले भेटतात. नदीवरचा हा प्रवास संपला की ती सैन्यात भरती होणार आहेत. आजवर वर्गाची घंटा होती, उद्या कवायतीची शिट्टी असेल. मधल्या या थोड्या रात्रींत स्वयंपाक कधी करावा, तळ कोठे टाकावा हे त्यांचे त्यांनी ठरवायचे. चूक झाली तर भिजायचे. मुक्कामाचे स्वातंत्र्य हे दोन शिस्तींमधली फट आहे, हे येथे एकाही मोठ्या शब्दावाचून सांगितले गेले आहे. अरण्यातील रात्रीला ‘सनातन’ वगैरे म्हणण्याचा मोह लेखकाने टाळला.

आणखी महत्त्वाचे असे की, या पुस्तकाचा मुख्य भाग तंबूत घडतच नाही. १९३५ मध्ये लिओपोल्डने विस्कॉन्सिनमध्ये झिजलेली, टाकून दिलेली एक शेतजमीन घेतली. तेथील कोंबड्यांची खुराडवजा खोपी साफ करून कुटुंबासह तो सुट्टीला तेथे जाऊ लागला आणि वर्षानुवर्षे पाइनची रोपे लावत राहिला. राष्ट्रीय वनांत आयुष्याची उमेदीची वर्षे काढलेल्या या माणसाने आपले सर्वोत्तम पुस्तक लिहिण्यासाठी मुक्काम सोडला आणि अर्धी का होईना वस्ती केली. जमिनीशी नाते जोडण्यास चौदा रात्री पुरत नाहीत, असा याचा अर्थ मी लावतो. समीक्षकांनी त्याच्या ‘भूमि-नीती’ची चर्चा भरपूर केली; ती नीती सुचली कोठे, या साध्या प्रश्नाकडे कमी लक्ष दिले.

एका रोगतज्ज्ञाचा नकाशा

पुस्तक नसलेली एक संहिता येथे वाचली पाहिजे. मोटारी वाढल्यावर १९२० च्या दशकात वनांतील तळांवरची मोठी झाडे मरू लागली. त्याचा अभ्यास माइनेके नावाच्या वनस्पतिरोगतज्ज्ञाने केला. चाकांनी व पायांनी माती दाबली जाते आणि मुळांचा श्वास कोंडतो, असे त्याचे निदान होते. १९३२ मध्ये त्याने तळाची आखणी सुचवली. एकेरी वाहतुकीचा वळसा घालणारा रस्ता, प्रत्येक कुटुंबास मोटार उभी करण्याची एक खाच, जागेला जखडलेले मेज आणि चूल, आणि मोटार पुढे सरकू नये म्हणून ओंडके व दगड. पुढील दशकभरात सरकारी रोजगार योजनेतील तरुणांनी असे तळ ठिकठिकाणी बांधले. आजही राष्ट्रीय वनातला ठरावीक तळ थोड्याफार फरकाने असाच असतो. मनमुक्त रात्रीचा हा आराखडा एका रोगतज्ज्ञाने माणसाला रोगकारक मानून काढला, ही गोष्ट गमतीची खरी. पण त्याने झाडे वाचवली हेही खरे. अडचण एवढीच की तंबूच्या दारातून दिसणारे रान मोजूनमापून दिलेले आहे, हे या तळांवर बसून लिहिणाऱ्यांच्या सहसा गावी नसते.

जो थांबतो त्याचे काय

१९६४ च्या अरण्य कायद्याने लिओपोल्डची कल्पना देशव्यापी केली. प्रारंभी ९१ लाख एकर, तेही सगळे राष्ट्रीय वनांतील, या संरक्षणाखाली आले. अरण्य म्हणजे काय, हे सांगताना कायदा म्हणतो की तेथे माणूस पाहुणा असतो आणि पाहुणा म्हणून निघून जातो. अमेरिकन कायद्यात इतके सुंदर गद्य विरळा, असे तिकडचे रसिक म्हणतात, आणि ते खरेही आहे. पण हे वाक्य ‘उपरा’ वाचलेल्या मराठी माणसाच्या कानाला वेगळे लागते. ज्यांना कोणत्याच गावाने पाहुणचारापलीकडे थारा दिला नाही, किंबहुना तोही दिला नाही, त्यांना ‘येथे माणूस पाहुणा आहे’ हे सूत्र काव्यमय वाटेल काय?

जेसिका ब्रूडर यांचे ‘नोमॅडलँड’ (२०१७) हे पुस्तक याच ठिकाणी उपयोगी पडते. २००८ च्या आर्थिक कोसळणीनंतर घरभाडे परवडेनासे झालेली वयस्क माणसे मोटारगाडीलाच घर करून हंगामी कामांमागे हिंडू लागली, त्यांचे हे वृत्तचित्र आहे. साठी ओलांडलेली एक स्त्री त्याच्या केंद्रस्थानी आहे. ती कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो राष्ट्रीय वनातील तळावर ‘यजमान’ म्हणून कामाला लागते. शौचालये धुणे, शेकोटीची राख उपसणे, मुक्कामी आलेल्यांना नियम समजावणे, हे यजमानाचे काम. म्हणजे ज्याला घर आहे तो येथे पाहुणा आणि जिला घर नाही ती यजमान. शिवाय तिचे यजमानपद हंगामापुरते. म्यूरच्या पुस्तकातील बिलीला जे बोलता आले नाही, ते येथे बोलले गेले आहे. ब्रूडर यांच्या निवेदनात पत्रकारितेची घाई आहे, काही प्रकरणे माहितीने फुगलेली आहेत. या भटक्यांत गौरवर्णीयच बहुसंख्य का, हा प्रश्न त्यांनी उपस्थित केला, पण त्याला पुरेशी जागा दिली नाही. कृष्णवर्णीय माणसाने निर्जन रस्त्याकडेला गाडीत झोपणे ही वेगळीच जोखीम असते. तथापि अरण्यातील मुक्कामाचे अर्थशास्त्र मांडणारे इतके सरळ पुस्तक दुसरे माझ्या वाचनात नाही. २०२० च्या चित्रपटाने तो व्यवहार पुष्कळसा सौम्य केला आणि क्षितिजाला अधिक वाव दिला.

प्रश्न पुस्तकापुरता राहिलेला नाही. सार्वजनिक जागी झोपण्यावर शहरांनी घातलेली बंदी व तिच्यासाठी शिक्षा घटनाबाह्य ठरत नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये दिला. ओरेगन राज्यातील बेंड शहरालगतच्या डेशूट्स राष्ट्रीय वनाचा काही भाग मे २०२५ मध्ये वनसेवेने बंद केला. वणव्याचा धोका कमी करण्यासाठी झाडोरा विरळ करायचा आहे, हे त्याचे कारण सांगितले गेले. त्या भागात जुन्या गाड्यांतून व तंबूंतून अनेक माणसे, काही तर वर्षानुवर्षे, राहत होती. वनसेवेची बाजू पोकळ नाही. कोरड्या पाइनच्या रानात चुली पेटत्या राहणे धोक्याचे असते, मैला व कचऱ्याचा प्रश्न असतो. पण म्यूर-परंपरेतील लेखनाला या माणसांसाठी शब्दच नाही. ते मुक्कामी नाहीत, रहिवासीही नाहीत. ते फक्त ‘वापर’ आहेत, नियमाच्या भाषेतला अनधिकृत वापर.

मराठी संदर्भ

मराठीत अरण्यातील रात्रीचे लेखन म्हटले की व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ आणि मारुती चितमपल्लींचे समग्र लेखन आठवते. माडगूळकर अभयारण्यात काही काळ राहण्यासाठी जातात, पाहतात, टिपतात, रेखाटतात आणि परत येतात. त्या गद्याची पारदर्शकता वादातीत आहे. तरीही तो मुक्काम खात्याच्या सहकार्याने घडलेला आहे, वर उल्लेखिलेल्या विश्रामगृह-संप्रदायातला आहे. जून २०२५ मध्ये दिवंगत झालेले चितमपल्ली यांची गोष्ट निराळी. वनखात्यातील छत्तीस वर्षांच्या नोकरीत रान हेच त्यांचे राहण्याचे ठिकाण झाले. पक्ष्यांची व झाडांची नावे त्यांनी तेथे राहणाऱ्या माणसांच्या तोंडून उचलली. ‘चकवाचांदण’मध्ये या माणसांचे ऋण जागोजागी जाणवते. म्यूरमध्ये नसलेली कृतज्ञता येथे आहे, मात्र बोलण्याची पाळी बहुधा अधिकाऱ्याचीच असते.

तंबूला मराठीत अनेक शब्द आहेत आणि त्यांची उतरंड आहे. डेरा सरदाराचा, राहुटी फौजेची, तंबू साहेबाचा. भटक्याचे ते ‘पाल’. निसर्गलेखनात तंबू येतो, पाल येत नाही. पाल येते ते लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’सारख्या (१९८०) आत्मकथनात. गाढवांवर बिऱ्हाड लादून, फोकांच्या कणग्या-पाट्या विणत, एका गावाच्या कडेहून दुसऱ्या गावाच्या कडेला सरकणारे कैकाडी कुटुंब, त्यातील पोराला शाळेत घालण्याचा बापाचा हट्ट, आणि प्रत्येक नव्या मुक्कामाला नव्याने द्यावी लागणारी ओळख. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या लोकांची रात्र कोठे जाते यावर पाळत ठेवली, त्या कायद्याची छाया १९५२ मध्ये तो रद्द होऊनही या पालांवरून हटलेली नव्हती. मुक्काम म्हणजे काय, तो कोणाला करू दिला जातो आणि पहाटे कोण उठवायला येते, याविषयी मराठीत जे काही ठोस लिहिले गेले ते या पुस्तकांत आहे. परंतु आपल्या अभ्यासक्रमांत ‘नागझिरा’ निसर्गलेखनाच्या घटकात जाते आणि ‘उपरा’ भटक्या-विमुक्तांच्या साहित्याच्या घटकात. दोन्ही घटकांचे प्राध्यापकही बहुधा वेगळे. पर्यावरणवादी समीक्षा म्हणून जी नवी पद्धती आपण पदव्युत्तर वर्गांत आणली, तिने ही भिंत पाडायला हवी होती. तिने भिंतीला हिरवा रंग दिला.

कायद्याच्या बाबतीत मात्र आपल्याकडे एक गोष्ट अमेरिकेच्या पुढे गेलेली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने पात्र वननिवासींना वनजमिनीवर राहण्याचा हक्क मान्य केला. इतकेच नव्हे तर भटक्या व पशुपालक समूहांचा हंगामी वावरही हक्कांच्या यादीत घेतला. हक्क कागदावर असणे आणि दाव्याला मंजुरी मिळणे यांत किती अंतर आहे हे गडचिरोली-मेळघाटात काम करणारे जाणतात. पण हंगामी येणे-जाणे हा ‘वापर’ नसून हक्क असू शकतो, ही कल्पना तरी त्यात आहे. मुक्काम आणि वस्ती यांच्यामधल्या त्या रेघेवर या कलमाने बोट ठेवले आहे.

म्यूर शिकवण्याची वेळ आली की मी आता त्याच्यासोबत ‘बनगरवाडी’ ठेवतो. ‘नागझिरा’ लिहिणाऱ्या माडगूळकरांचीच ही १९५५ ची कादंबरी. तिच्यातला कथक बाहेरून आलेला मास्तर आहे, म्यूरसारखाच तरुण, मेंढ्यांशी आणि मेंढपाळांशी पूर्वओळख नसलेला. शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी आपली मेंढरे घेऊन निघून जाते; मास्तर रिकाम्या वाडीकडे पाहतो. म्यूरच्या शेवटच्या पानांत कळप डोंगर उतरतो आणि त्याच्या मनात पुन्हा वर जाण्याची ओढ असते. गेल्या वर्षी वर्गातील एका विद्यार्थ्याने विचारले, बिली त्या हिवाळ्यात कोठे राहिला असेल? पुस्तकात त्याचे उत्तर शोधले, मिळाले नाही.